डोळे भरले

११ ऑक्टोबर

लाडके भिंगरे,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी मागची बाजू बघ. तिथे कोपऱ्यात चिकटपट्टीखाली झिनियाचं बी आहे. ते सोडवून घे आणि मग खुशाल फाड. बियांनी कुणाचं घोडं मारलंय?

चौथीनंतर माझी आणि शाळेची गाठ पडली नाही, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाचं तू बघून घे. छापखान्यात बसून दिवसभर परक्यांच्या चुका काढतेस, चार आजीच्या काढ. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी लिहून देते की." मी म्हटलं, नको. तुम्ही लिहिलंत तर माझी नात समजेल सरकारी नोटीस आलीय.

बाग छान आहे. अगं, काय सांगू, शेवंती अशी आलीय की पान दिसत नाही! पांढरी आधी आली, मग ती विटकरी. फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेला मी दोन्ही कडांनी विटा तिरक्या रोवल्या आणि त्यांना चुना फासला. मास्तरीणबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. म्हणाल्या, "आजीबाई, वाट दात काढून हसतेय असं वाटतंय." मी म्हटलं, हसू दे. घरात कुणीतरी हसायला हवं.

तुझ्या आईची ती चोच फुटलेली किटली आठवते? ती मी मोरीजवळच्या खिळ्याला टांगली, तळाला भोकं पाडली आणि तिच्यात पिटुनिया लावलाय. जांभळा. तो आता चोचीतूनच बाहेर डोकावतोय, फाजील कुठला.

तुझी आई गेल्यानंतरचं हे माझं पहिलंच पत्र. तू जाताना फाटकात उभी राहून जे बोललीस ते मी विसरले नाही आणि धरूनही बसले नाही. शिवणाच्या डब्यात सुटं बटण टाकतात तसं टाकून ठेवलंय. सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस, "पोटची पोर गेली, आजी, आणि तुझ्या डोळ्यांतून थेंब नाही. कुंड्यांना मात्र दोन दोन हात रंग!"

रंग निळा होता. दोन हात दिले होते, ते बरोबर आहे. एका हाताने भागत नाही गं, खालची लाल माती दिसत राहते.

बी मार्चमध्ये पेर. खिडकीत ऊन येतं ना तुझ्या?

आजी


४ डिसेंबर

भिंगरे,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तर नाही आलं ते सोड, तुला काम असतं. बी फेकलं नाहीस एवढं मी धरून चालते.

थंडी पडली. डेलियाचे कंद उपटून भुशात निजवले, पेटीत, तुझ्या जुन्या दप्तराशेजारी. झाडांना एक बरं असतं, थंडी आली की उपटून ठेवता येतं. सकाळी बागेत जाते तेव्हा तोंडातून वाफ निघते आणि मी कुंड्यांवर वाफेने नाव काढायचा प्रयत्न करते. म्हातारी झाले, पोरकटपणा जात नाही. त्या निळ्या कुंड्या दारापाशी गोल मांडल्यात, मध्ये तो लोखंडी बंब उभा केलाय, त्याच्या तोंडातून वेल सोडलाय. पोस्टमन म्हणाला, "आजी, तोफ कुणावर रोखलीय?" मी म्हटलं, जो रिकाम्या हाताने येतो त्याच्यावर. तेव्हापासून बिचारा पत्र नसलं की पलीकडच्या बाजूने जातो.

दात काढला. मागची दाढ. डॉक्टर पोरगेलासा होता, म्हणाला, "आजी, बधिर करतो, काही कळणार नाही." सुई दिली. खरंच कळलं नाही. घरी येऊन आरशात बघितलं तर गालाला आतून चावा बसला होता, रक्त येत होतं, आणि मला पत्ता नाही. गाल माझाच, दात माझेच. हात लावला तर दुसऱ्याच्या तोंडाला लावल्यासारखं.

तेव्हा मला वाटलं, हे तुला सांगावं. दवाखान्यातून तुझ्या आईबद्दल कळलं त्या सकाळी मला अस्संच झालं. कुणीतरी सुई दिली. आजोबांच्या वेळी मी किती रडले होते, भिंती ओल्या केल्या होत्या, तुझी आई तेव्हा मला म्हणाली होती, "आई, पुरे, शेजारचे नळाची तक्रार करतील." तिच्या वेळी काहीच नाही. माणसं येत होती, मी चहा टाकत होते, साखर किती ते विचारत होते. मग सगळे बसलेले आणि मला हाताला काही काम नाही. कोपऱ्यात रंगाचा डबा होता. तिनेच आणलेला. उघडलाच नव्हता.

दाढेची सुई संध्याकाळपर्यंत उतरली. ही दुसरी काही उतरत नाही. दुखत नाही गं, काळजी करू नको. जेवते, बागेत खपते, हसते. सगळं होतं. फक्त ते माझ्यापर्यंत येत नाही.

आता वाईट बातमी. फाटकाजवळचा तुझ्या आईचा गुलाब. तोच, पिवळा, ज्याच्या पाकळीची कड उन्हाने गुलाबी होते. खोडात कीड गेलीय. वरून फांद्या काळ्या पडत खाली येतायत. छाटली की आत पोकळ. नर्सरीवाला येऊन गेला. बुंध्यावर टकटक केलं आणि तोंड पाडून म्हणाला, "आजी, हा काही पुढचा हिवाळा बघत नाही." मी म्हटलं, तुला विचारून बघणार होता का? तर हसला. मग एक युक्ती सांगून गेलाय. जमली तर कळवीन, नाही जमली तर गप्प बसेन.

असा गुलाब त्याच्याकडे नाही, कुणाकडेच नाही म्हणतो. तुझ्या आईने कुठून आणला होता देव जाणे. ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली काडी होती, एवढं आठवतं.

पायांत मोजे घालत जा.

आजी


६ मार्च

भिंगरे,

आज चारच ओळी, बोटांना काटे टोचलेत, पेन धरवत नाही.

काल दुपारी तुझ्या आईच्या गुलाबापाशी बसून डोळे भरले. एकदाचे भरले! किती महिने मनात होतं, धीर होत नव्हता. मास्तरीणबाई शेजारी बसून होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत, नुसतं फडकं पुढे करत होत्या. झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! घरात येऊन दोन कप चहा प्याले आणि भिंतीला टेकून बसले.

तुला कळवावं म्हणून लिहिलं. झिनिया पेरलास का?

आजी


१५ मार्च

अगं माझे भिंगरे, माझे सोन्ये!

तुझं पत्र आलं! पोस्टमनने फाटकातूनच ओरडून सांगितलं, "आजी, तोफ खाली करा!" मी चपला न घालता धावले, विटांच्या दातांवर ठेचकाळले, अंगठा सुजलाय, कुणाला पर्वा!

किती सुंदर लिहिलंस. "आजी, तुझे डोळे भरले हे वाचलं आणि मी कामावरून उठून जिन्यात जाऊन बसले. मी फार लागेल असं बोलले होते. मी येतेय." मी तेवढंच परत परत वाचतेय. पुढचं गाडीचं नि तारखेचं मास्तरीणबाईंकडून वाचून घेईन, तारखा मला उलट्या दिसतात.

काय काय करायचं मी ठरवून टाकलं. फाटकाच्या कमानीवर दिव्यांची माळ सोडते. तुझी गादी उन्हात टाकली. एक कुंडी रंगवायची शिल्लक आहे, ती तशीच राहिलेली, तिच्यात काय लावायचं ते तू सांग. पॅन्सी अजून आहेत, कोमेजू नयेत म्हणून दुपारी त्यांच्यावर घरातल्या जुन्या छत्र्या धरून ठेवते, उघडून, काठ्यांना बांधून. बागेत छत्र्याच छत्र्या. वरातच म्हण.

आणि डोळ्यांचं तुला एवढं वाटेल असं मला वाटलंच नव्हतं गं. मी आपल्या चार ओळी खरडल्या. तुला बागकामाची इतकी आवड कधीपासून? डोळे अजून सगळे हिरवे आहेत. एक जरा काळपट वाटतो पण


१८ मार्च

वरचं पत्र पेटीत टाकलं नाही. "पण"शी थांबले, कारण मास्तरीणबाई तारीख वाचून द्यायला आल्या. दोन्ही कागद एकाच पाकिटात घालतेय, म्हणजे मी कुठे अडकले ते तुला दिसेल.

बाईंनी तुझं पत्र वाचलं. मग चष्मा काढला. मग म्हणाल्या, "आजीबाई, तुम्ही तिला नेमकं काय लिहिलं होतंत?"

मी सांगितलं, डोळे भरले असं लिहिलं.

"कुणी भरले?"

"मी भरले. तुम्ही नव्हतात का शेजारी? फडकं कोण देत होतं, भूत?"

"मग 'मी डोळे भरले' असं लिहिलंत का?"

"आता पत्र माझं, सही माझी, 'मी' कशाला लिहायचं वेगळं?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "कर्ता खाल्लात तुम्ही! अख्खा कर्ता खाल्लात! अहो, त्या पोरीला वाटलंय तुम्ही रडलात."

मी हसले. खरं सांगते, आधी हसले. मग बाई पण हसल्या, म्हणाल्या, "आणि नात म्हणे छापखान्यात चुका शोधते!" आणि मग बाईंनी चष्मा परत घातला नि तुझं पत्र घडी करून माझ्या हातात दिलं.

तर ऐक. गुलाबाच्या फांदीवर, पानाचा देठ जिथे चिकटतो, तिथे बारीक फुगवटा असतो. त्याला डोळा म्हणतात. तो सालीसकट अलगद काढायचा, आणि शेजारी मुळं धरलेल्या रानगुलाबाच्या खुंटाला साल चिरून, त्या खिशात सरकवायचा. वर पट्टीने बांधायचं, डोळा तेवढा बाहेर ठेवायचा. याला डोळा भरणं म्हणतात. ही नर्सरीवाल्याची युक्ती होती. तुझ्या आईच्या झाडाच्या जिवंत फांद्यांवरचे डोळे मी खुंटांवर भरले. फडकं हवं होतं ते सुरी पुसायला.

मी रडले नाही, भिंगरे.

बाई म्हणाल्या, "कशाला सांगताय? पोर येतेय ना? येऊ दे. आल्यावर बागेत न्या, काय ते होईल." मला पटलं. मग मी प्रयत्न केला. आरशासमोर बसले. तुझ्या आईचा शाळेतला फोटो समोर ठेवला, तो दोन वेण्यांचा, एक वेणी सुटलेली. बघत राहिले. वेणी घालायला हात शिवशिवले, एवढंच झालं. मग कांदा चिरला. पाणी आलं, भरपूर आलं, पण ते कांद्याचं होतं. कांदा मात्र फुकट गेला, भूक नव्हती.

म्हणून लिहितेय. तू गादीवर बसशील आणि माझ्या तोंडाकडे बघशील. मी तिथे काय दाखवू तुला? कांदा कुठवर पुरणार?

तू आलीस तर मला काय होईल ते मी लिहीत नाही, तुला भीड पडेल. गाडीचं तिकीट परत करता येतं म्हणतात. करायचं असेल तर कर. मी तुझ्यावर रुसणार नाही, तू माझ्यावर आधीच रुसलीयस, एका घरात एक रुसलेलं पुरे.

डोळा भरताना पानाचा देठ थोडासा ठेवतात, धरायला मूठ म्हणून. नर्सरीवाला सांगून गेलाय, काही दिवसांनी त्या देठाला नुसतं बोट लावायचं. गळून पडला तर डोळा जगला. सुकून चिकटून बसला तर मेला. मी अजून एकालाही हात लावलेला नाही. का, ते माझं मलाच कळत नाही.

तुझी,
कर्ता खाणारी आजी


३१ मार्च

भिंगरे,

तू गाडीत बसलीस, मी घरी आले आणि पाय धुऊन हे लिहायला घेतलं. तू म्हणशील, आजी, सगळं माझ्यासमोरच तर झालं. झालं गं. पण कागदावर उतरवल्याशिवाय मला झाल्यासारखं वाटत नाही हल्ली.

तू येणार नाहीस असं मी धरलं होतं. दिव्यांची माळ काढून ठेवली होती, छत्र्यासुद्धा मिटल्या होत्या. फाटक करकरलं तेव्हा मला वाटलं नर्सरीवाला. मी आतूनच ओरडले, "चपला बाहेर काढ, मी पुसलंय." आणि तू चपला हातात घेऊन दारात उभी. केस केवढेसे कापलेत! मी ओळखलंच नाही पहिल्यांदा, खोटं कशाला बोलू.

तू म्हणालीस, "रडली नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही."

"अजून नाही?"

"अजून नाही."

तू पिशवी खाली ठेवलीस आणि मला वाटलं आता उचलून परत जाईल. तर तू खालीच बसलीस, ओल्या फरशीवर. पुसलेलं सगळं वाया. आणि म्हणालीस, "मीपण नाही गं."

तू फरशीकडे बघत सांगत होतीस, की त्या दिवशी सगळ्यांसमोर जे रडलीस ते माझ्यावरच्या रागाचं होतं, आईचं नव्हतं. तुला वाटत होतं, तुझ्यात काहीतरी मोडलंय. मग माझ्याकडे बघितलंस तर मी रंग देत होते, आणि तुला तुझंच तोंड दिसलं. म्हणून बोललीस. आणि माझं ते चार ओळींचं पत्र आलं तेव्हा तुला वाटलं, चला, आजीचं मोकळं झालं, आता जाऊन तिच्याजवळ बसलं की आपलंही होईल. जिन्यात बसलीस ती रडायला म्हणून बसलीस. आलं नाही.

मी म्हटलं, "कांदा चिरून बघितलास?"

तू इतकी हसलीस की मास्तरीणबाई भिंतीवरून डोकावल्या. "आल्या का प्रूफवाल्या?" म्हणाल्या. "या, या. तुमच्या आजीला कर्ता शिकवा आता." तू म्हणालीस, "बाई, राहू द्या, कर्ता नव्हता म्हणून तर मी आले." बाई शिकवायचं सोडून चष्मा पुसायला लागल्या. मला केवढा आनंद झाला.

मग आपण गुलाबापाशी गेलो. मी तुला म्हटलं, तूच लाव बोट. तुझं नख छापखान्याच्या शाईने काळं झालेलं. पहिल्या खुंटाच्या देठाला तू बोट लावलंस आणि तो टपकन तुझ्या तळहातावर पडला. तू दचकून हात मागे घेतलास. "मेला?" म्हणालीस. तुझा चेहरा असा झाला की बस.

मी म्हटलं, नाही गं वेडे, जगला. चिकटून बसला असता तर मेला असता.

मग बाकीचे. एक तो काळा पडलेला, त्याचा देठ सुटेना, तू हळूच ओढून बघितलास, तो काही सोडेना. तो गेला. बाकीच्यांचे देठ पडले, म्हणजे ते जगले. तू ते सुके देठ रुमालात गुंडाळून घेतलेस, कशाला ते मी विचारलं नाही. वर कापायचं अजून आहे, खुंटाचा शेंडा छाटला की डोळा फुटेल, फूल पुढच्या हंगामात. तोवर तुझ्या आईचं जुनं झाड उभं आहे तसं राहू दे. नर्सरीवाला म्हणतो काढून टाका, कीड पसरेल. काढीन. तू परत आलीस की काढू, मला एकटीला त्याचं मूळ उपटत नाही.

तू निघालीस तेव्हा फाटकात तीच जागा होती. तुला आठवली, मलाही आठवली. तू माझ्या गालाला हात लावलास. दाढेच्या बाजूच्या. मला कळला, भिंगरे. हात गार होता तुझा, आणि बोटाला रंग लागलेला.

कारण सकाळी तू ती राहिलेली कुंडी रंगवायला घेतलीस. किती वाईट रंगवलीस! मास्तरीणबाईंची पोरं शाळेत यापेक्षा बरी रंगवतात. ओघळ आलेत, खालची लाल माती जागोजागी दिसतेय. तुझी गाडीची वेळ झाली आणि एकच हात देऊन झाला.

मी तिला हात लावलेला नाही. डबा झाकण लावून खिडकीत ठेवलाय. दुसरा हात तुझा.

आजी